कंपनी सोडली, गिटार नाही

ब्राउनश्वाइगहून हॅनोव्हरची गाडी पकडली की पाऊण तासात आपण तिथे उतरतो. कधी विमानतळासाठी, कधी औद्योगिक प्रदर्शनासाठी, तर कधी कुणाकडच्या सत्यनारायणासाठी आपण मंडळी ही वारी करतच असतो. पण याच साठ-सत्तर किलोमीटरच्या पट्ट्यातून जगभर गाजलेला एक रॉक बँड निघाला, आणि त्या बँडमधून दोन असे गिटारवादक बाहेर पडले की ज्यांची गोष्ट मराठी नाटक कंपन्यांच्या इतिहासात शोभून दिसावी, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? आम्हांला बरीच वर्षं नव्हतं. मुलांच्या खोलीतून येणारा आवाज कमी करा म्हणून ओरडण्यातच ती वर्षं गेली!

बँडचं नाव 'स्कॉर्पियन्स'. रूडॉल्फ शेंकर या तरुणाने तो १९६५ साली हॅनोव्हरमध्ये काढला. १९९१ साली त्यांचं 'विंड ऑफ चेंज' हे गाणं घराघरांत वाजत होतं. भिंत पडल्यानंतरच्या त्या दिवसांचं ते जणू पार्श्वसंगीतच झालं. २००७ च्या डिसेंबरात हा बँड आपल्या शिलाँगलाही वाजवून आला. २०२५ मध्ये त्याला साठ वर्षं पुरी झाली. या साठ वर्षांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आम्हांला मात्र कुतूहल आहे ते सोडून गेलेल्यांचं. नावारूपाला आलेली मंडळी सोडल्यावर कलावंताचं पुढे काय होतं? रोज संध्याकाळी नव्या गावात, नव्या रंगमंचावर तो काय घेऊन उभा राहतो?

जाणं-येणं

सोडून जाणाऱ्यांची परंपरा आमच्या ब्राउनश्वाइगला काही नवी नाही. लुई श्पोर हा मोठा व्हायोलिनवादक इथलाच, जन्म १७८४ चा. पंधराव्या वर्षी तो इथल्या ड्यूकच्या दरबारी वाद्यवृंदात नोकरीला लागला. दरबारची नोकरी म्हणजे त्या काळची पेन्शनीची नोकरी! पण पुढे १८०५ मध्ये गोथाला मोठी जागा मिळाली तेव्हा त्याने गाव सोडलं, आणि नंतर व्हायोलिन घेऊन युरोपभर दौरे केले. ज्या ड्यूकच्या आश्रयाने तो मोठा झाला, त्याच्या पदरी तो राहिला असता तर चरितार्थ सुखात चालला असता. पण युरोपला त्याचं नाव कळलं ते दौऱ्यांमुळे.

आता रॉककडे वळू. हॅनोव्हरच्या दक्षिणेला सारश्टेट नावाचं छोटं गाव आहे. रूडॉल्फचा धाकटा भाऊ मिखाएल शेंकर तिथे १० जानेवारी १९५५ रोजी जन्मला. भावापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, पण हात भावापेक्षा कितीतरी तयार. स्कॉर्पियन्सची पहिली ध्वनिमुद्रिका 'लोनसम क्रो' १९७२ मध्ये आली, तेव्हा त्यावर गिटार वाजवणारं हे पोर जेमतेम सतरा वर्षांचं होतं.

पुढच्याच वर्षी इंग्लंडचा 'यूएफओ' हा बँड जर्मनीच्या दौऱ्यावर आला. त्यांच्या आधी वाजवायचं काम स्कॉर्पियन्सकडे होतं. यूएफओच्या गिटारवाल्याचा पासपोर्टचा काहीतरी घोळ झाला आणि तो वेळेवर पोचलाच नाही. (पासपोर्टमुळे काय काय अडतं हे आपल्याला कुणी सांगायला नको!) मग मिखाएलने आधी भावाच्या बँडबरोबर वाजवलं आणि त्यानंतर पाहुण्यांबरोबरही वाजवलं. पाहुणे त्याला घेऊनच गेले. इंग्रजी धड बोलता येत नाही, वय अठरा, आणि मुक्काम लंडन. परदेशात पहिल्यांदा पाऊल टाकलेल्या कुणालाही ही अवस्था कळेल.

रूडॉल्फ उघडा पडला. त्याने 'डॉन रोड' नावाच्या दुसऱ्या बँडशी हातमिळवणी केली आणि नाव आपलं, स्कॉर्पियन्सचं, कायम ठेवलं. त्या बँडबरोबर आला उली रोट, आमच्या गोष्टीतला दुसरा नायक. पुढे तो उली जॉन रोट या नावाने ओळखला जाऊ लागला. जन्म १८ डिसेंबर १९५४, म्हणजे मिखाएलपेक्षा तीनच आठवड्यांनी मोठा. १९७४ ते १९७७ या काळात स्कॉर्पियन्सच्या चार ध्वनिमुद्रिका निघाल्या. त्यांतल्या गिटारवर, आणि बऱ्याच गाण्यांवरही, त्याची छाप होती.

यश दाराशी आलं तेव्हा

एप्रिल १९७८ मध्ये स्कॉर्पियन्स पहिल्यांदा जपानला गेले. टोकियोच्या नाकानो सन प्लाझा या सभागृहात त्यांचे कार्यक्रम झाले. त्यांचं ध्वनिमुद्रण 'टोकियो टेप्स' या नावाने निघालं. त्यात 'कोजो नो त्सुकी' हे जुनं जपानी गीतही आहे. त्याचा संगीतकार ताकी रेंतारो हा १९०१ मध्ये शिकायला जर्मनीत, लाइपझिगला आला होता, तिथे आजारी पडला आणि मायदेशी परतून १९०३ मध्ये वारला. जर्मनांच्या बँडने त्याचं गाणं टोकियोत गायलं म्हणजे एक प्रकारे फेरा पुरा झाला. प्रेक्षक वेडे झाले होते. पाच वर्षांच्या मेहनतीला फळ धरायला लागलं होतं.

आणि नेमक्या त्या वेळी उलीने रामराम ठोकला.

भांडणतंटा नव्हता. जपानचा दौरा त्याने नीट पार पाडला आणि मगच तो निघाला. बँडला सोपी, चटकन ओठांवर बसणारी गाणी हवी होती. उलीच्या डोक्यात जिमी हेंड्रिक्स आणि शास्त्रीय संगीत एकत्र नांदत होतं. त्याच्या जागी हॅनोव्हरचाच माथियास याब्स आला. त्यानंतरच्या सहा वर्षांत स्कॉर्पियन्सने 'ब्लॅकआउट' (१९८२) आणि 'लव्ह अ‍ॅट फर्स्ट स्टिंग' (१९८४) यांच्या जोरावर अमेरिका जिंकली. उली तेव्हा तिघांचा बँड घेऊन लहान-मध्यम सभागृहांतून वाजवत होता.

मराठी माणसाला हे चित्र अनोळखी वाटायचं कारण नाही. १९१३ साली नारायणराव राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून निघाले आणि गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. त्याआधी १९०८ मध्ये केशवराव भोसल्यांनी स्वतःची ललितकलादर्श काढली होती. कंपनी सोडणं म्हणजे नुसतं मन मोडणं नव्हे. कपडेपट, पडदे, साजिंदे, बिऱ्हाड, रेल्वेचा खर्च, थिएटरचं भाडं या सगळ्याचा भार सोडणाऱ्याच्या डोक्यावर येतो. कंपनीत असताना कंपनीच्या नावावर तिकीट खपतं. स्वतःच्या नावावर किती खपेल, हे पहिला पडदा उघडेपर्यंत कळत नाही. बालगंधर्वांना प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलं, तरी कर्जाने त्यांची पाठ सोडली नाही.

उलीचा मार्ग

उलीच्या बँडचं नाव 'इलेक्ट्रिक सन'. १९७९ ते १९८५ या काळात त्याने तीन ध्वनिमुद्रिका काढल्या. गाणं तो स्वतःच म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर गळा काही बोटांच्या तोलाचा नव्हता, टीकाही झाली. पण या वर्षांत त्याने एक उद्योग केला. व्हायोलिन जितक्या वरच्या स्वरांत जातं तितकं आपल्या गिटारला जाता आलं पाहिजे, हा त्याचा ध्यास होता. गिटारच्या मानेवर, सतारीला असतात तसे, पडदे असतात. रॉकच्या नेहमीच्या गिटारला ते २१ ते २४. उलीने इंग्लंडमधले वाद्यकार आंद्रेयास देमेत्रिऊ यांच्याकडून त्याहून जास्त पडद्यांची गिटार करून घेतली आणि तिला 'स्काय गिटार' म्हटलं. पुढे तिला सातवी, खर्जाची तारही आली. म्हणजे खाली मंद्र आणि वर थेट व्हायोलिनचा तारसप्तक!

१९८५ नंतर तो रॉकच्या रहाटगाडग्यातून जवळजवळ बाहेरच पडला. वाद्यवृंदासाठी रचना करू लागला. तेरा वर्षांनी, १९९८ मध्ये, अमेरिकन गिटारवादक जो सॅट्रियानी याच्या 'जी थ्री' नावाच्या तिघांच्या दौऱ्यात तो युरोपभर वाजवत फिरला. तिसरा गिटारवाला कोण होता म्हणाल? मिखाएल शेंकर! एकाच बँडची जागा पाठोपाठ सांभाळलेले दोघे वीस-पंचवीस वर्षांनी रोज रात्री एका मंचावर. दौऱ्याच्या नावात बँड नव्हता, नुसते गिटारवाले होते. दोघांनाही सोयीचंच ते.

२००३ मध्ये उलीने विवाल्डीच्या 'चार ऋतूं'वर आधारलेली ध्वनिमुद्रिका काढली. व्हायोलिनच्या जागी स्काय गिटार, साथीला वाद्यवृंद. त्या पाठोपाठ 'स्काय अकॅडमी' नावाने तो शिबिरं घेऊ लागला. तिथे वादनाबरोबर स्वर म्हणजे काय, ऐकायचं कसं, यावर तो तासन्‌तास बोलतो. आपल्याकडच्या बुजुर्ग उस्तादांची आठवण व्हावी असं हे रूप आहे.

गंमत पुढे आहे. ज्या गाण्यांपासून तो दूर पळाला होता, ती गाणी लोक विसरले नव्हते. नाटकात 'वन्स मोअर' चालायचा, तसा हा साऱ्या जगाचा वन्स मोअर होता. साठीला आलेल्या उलीने अखेर तो मानला. २०१५ मध्ये त्याने आपल्या काळातली स्कॉर्पियन्सची गाणी नव्याने मुद्रित केली आणि त्याच वर्षी टोकियोच्या त्याच नाकानो सन प्लाझात ती पुन्हा वाजवली. सदतीस वर्षांनी तोच मंच! (ते सभागृह २०२३ मध्ये बंद झालं.) हा पराभव होता का? आम्हांला तसं वाटत नाही. ती रेकॉर्ड ऐका. गाणी जुनी असली तरी मधले विस्तार लांबलेत, घाई गेली आहे. तीच चीज तरुणपणी आणि साठीत गाण्यात जो फरक पडतो, तोच इथे आहे.

मिखाएलचा मार्ग

मिखाएलचं सगळंच वादळी. यूएफओबरोबर पाच वर्षं त्याने गाजवली. 'डॉक्टर डॉक्टर', 'रॉक बॉटम', 'लाइट्स आउट' ही गाणी त्या काळातली. पण मंचावर जायची भीती, दारू, भाषेचा एकटेपणा यांनी त्याला पोखरलं. ही भीती आणि व्यसन त्याने पुढे स्वतःच मुलाखतींतून बोलून दाखवलं आहे. १९७७ मध्ये तर चालू दौऱ्यातून तो एकदा चक्क नाहीसा झाला. १९७८ च्या शरदात अमेरिकेत मुद्रित झालेली 'स्ट्रेंजर्स इन द नाइट' ही रॉकमधल्या उत्तम मैफिलींपैकी एक मानली जाते. तीत एकटं 'रॉक बॉटम' अकरा मिनिटांवर जातं. ती बाजारात येईपर्यंत मिखाएल बाहेर पडला होता.

तो आला कुठे? भावाच्या घरी! १९७९ च्या 'लव्हड्राइव्ह'मधल्या काही गाण्यांवर त्याने वाजवलं आणि दौऱ्यावरही गेला. बिचारा माथियास याब्स नुकताच रुळला होता, त्याला बाजूला व्हावं लागलं. दौऱ्यात मिखाएलला झेपेना, तो पुन्हा निघाला आणि याब्सला पुन्हा बोलावणं गेलं. तेव्हापासून याब्स त्या जागेवर पक्का आहे. सोडून जाणाऱ्यांच्या कथा आपण सांगतो, पण मान खाली घालून परत येणाऱ्या आणि टिकून राहणाऱ्या या माणसाचंही कौतुक करायला हवं.

१९८० मध्ये मिखाएलने स्वतःचा 'मायकेल शेंकर ग्रुप' काढला. १२ ऑगस्ट १९८१ रोजी त्यांनी टोकियोच्या बुडोकानमध्ये वाजवलं. बुडोकान म्हणजे १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ज्युदोसाठी बांधलेलं भव्य सभागृह. १९६६ मध्ये बीटल्स तिथे वाजवून गेले होते. आपल्या नावाची पाटी लावून वर्षभरातच तिथे उभं राहणं ही लहान गोष्ट नव्हे.

पण कंपनी चालवणं आणि गिटार वाजवणं या दोन वेगळ्या विद्या. गायक आले, गेले, परत आले. १९८२ चा एक किस्सा रॉकमंडळी अजून हसून सांगतात. नवा गायक ग्रॅहम बॉनेट शेफील्डच्या पहिल्याच कार्यक्रमात इतका प्यायलेला होता की मंचावर त्याच्या पँटने दगा दिला आणि नको ते दर्शन घडलं! त्याची तिथेच गच्छंती झाली. काही दिवसांवर रेडिंगचा मोठा महोत्सव. मग आधी दूर केलेला गायक गॅरी बार्डन याला घाईघाईने परत बोलावलं. पुढे रॉबिन मॅकॉली हा गायक भागीदार झाला, तेव्हा बँडचं नाव 'मॅकॉली शेंकर ग्रुप' ठेवलं. आद्याक्षरं एमएसजीच राहिली. पाटी न बदलता भागीदार बदलण्याची ही युक्ती आपल्या लक्ष्मी रोडवरच्या दुकानदारांनाही आवडेल.

१९९३ मध्ये मिखाएलने नुसत्या साध्या, बिनविजेच्या गिटारची ध्वनिमुद्रिका काढली, तीही स्वतःच. नाव ठेवलं 'थँक यू'. मधल्या काळात यूएफओत पुन्हा जाणं, पुन्हा भांडणं, अर्ध्यावर सोडलेले कार्यक्रम, पैशांची ओढाताण असं बरंच झालं. अनेकांनी त्याला मोडीत काढलं होतं.

मग २०१६ मध्ये त्याने एक सुरेख गोष्ट केली. बार्डन, बॉनेट, मॅकॉली या आपल्या तिन्ही गायकांना एका मंचावर आणलं आणि त्याला 'मायकेल शेंकर फेस्ट' असं नाव दिलं. ऑगस्टमध्ये टोकियोत प्रयोग झाला. शेफील्डहून हाकललेला बॉनेट आणि त्याच्या जागी धावत आलेला बार्डन चौतीस वर्षांनी शेजारी शेजारी! प्रत्येकाने आपापल्या काळातली गाणी म्हटली. गिटारवर मात्र सगळा वेळ एकच माणूस. २०२४ मध्ये, सत्तरीच्या उंबरठ्यावर, त्याने यूएफओच्या काळातल्या गाण्यांची नवी ध्वनिमुद्रिकाही काढली.

वाकेनची रात्र

उत्तर जर्मनीत वाकेन नावाचं एक खेडं आहे. १९९० पासून तिथे दर उन्हाळ्यात हेवी मेटलची जत्रा भरते. चिखलात उभं राहून लोक दिवसचे दिवस ऐकतात. पंढरीच्या वाळवंटाची आठवण यावी इतकी श्रद्धा. ऑगस्ट २००६ मध्ये स्कॉर्पियन्स तिथे वाजवायला उभे राहिले आणि पाहुणे म्हणून उली आणि मिखाएल दोघेही आले. रूडॉल्फ, याब्स, उली, मिखाएल: त्या जागेचे आजी-माजी सगळे मानकरी एकाच रात्री.

आमच्या मनात लगेच 'संयुक्त मानापमान' आलं. जुलै १९२१ मध्ये मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एकाच नाटकात उतरले होते. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. अशा रात्री वारंवार येत नाहीत, आणि त्यांनी सगळं मिटतं असंही नाही. शेंकर बंधूंमधला दुरावा पुढेही मुलाखतींतून दिसत राहिला. पण चित्रफितीत पाहा, वाजवताना दोघांच्या चेहऱ्यावर भांडण नाही.

आपल्यासाठी काय?

वोल्फ्सबुर्गच्या मोटारींच्या कारखान्यात किंवा इथल्या विद्यापीठात कायमची जागा मिळवणं म्हणजे काय, हे आपल्या घरांना ठाऊक आहे. त्यातच एखाद्या दिवशी मुलगी म्हणते, "आई, मी ही नोकरी सोडतेय." आपल्या पोटात गोळा येतो. या दोघांच्या गोष्टीतून त्यावर काही सोपं उत्तर मिळत नाही. उलीला हवं ते वाद्य, हवं ते संगीत मिळालं; बरोबरीच्यांचे स्टेडियम मात्र मिळाले नाहीत. मिखाएलने तर तब्येत, पैसा आणि नाती यांची मोठी किंमत मोजली. दोघांच्या बाबतीत एक मात्र खरं: गर्दी मोठी असो वा लहान, ते वाजवत राहिले. पस्तिशीत लोक त्यांना संपलेले म्हणत होते, साठीत ते उत्तम वाजवत होते. आपल्या मुलांच्या वाटा मोजताना आपण फार लवकर बेरीज मांडतो असं आम्हांला वाटतं.

ज्यांना ऐकायचंय त्यांच्यासाठी क्रम सांगतो. आधी 'टोकियो टेप्स', मग 'स्ट्रेंजर्स इन द नाइट'. नंतर 'वन नाइट अ‍ॅट बुडोकान', आणि शेवटी उलीचं २०१५ चं टोकियोतलं वादन. आवाज बेताचा ठेवा, निदान पहिल्यांदा. अशा कलावंतांच्या कार्यक्रमाची जाहिरात आपल्या भागात कुठे दिसली तर जरूर जा, आणि घरातल्या सोळा-सतरा वर्षांच्या मंडळींना बरोबर न्या. नाहीतर तेच तुम्हांला नेतील. खुर्च्या बहुधा नसतात, तेव्हा पायांत साधे बूट घाला आणि कानांत घालायला बोळे न्या. लहान सभागृहाचा एक फायदा असतो: स्टेडियममध्ये पडद्यावर दिसणारी बोटं इथे दहा हातांवरून दिसतात.